‘पॅडी’ या आयरिश टोपणनावापासून झालेले बोलीतले शब्द: अनुवादात त्यांचे काय करावे?

टाकबोरू

नमस्कार. दोन महायुद्धांच्या दरम्यान लिहिल्या गेलेल्या काही इंग्रजी कथांचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. कथा निरनिराळ्या लेखकांच्या आहेत. काही अमेरिकेत घडतात, काही इंग्लंडमध्ये, आणि एक तर सबंध जहाजावरच घडते. त्यांपैकी तीन कथांमध्ये ‘पॅडी’ हा एकच शब्द तीन वेगवेगळी सोंगे घेऊन समोर उभा राहिला आणि तिन्ही ठिकाणी माझी लेखणी अडली.

पहिल्या कथेत शिकागोतल्या एका गुत्त्यावर धाड पडते आणि पोलीस चौघांना ‘पॅडी वॅगन’मध्ये कोंबतात. शब्दकोशात ‘पॅडी’ म्हणजे भात, साळ असा अर्थ ठळकपणे दिलेला असल्यामुळे पहिल्या खर्ड्यात मी बिनदिक्कत ‘भाताच्या गाडीत’ असे लिहून मोकळा झालो होतो. पोलिसांनी वाटेतली एखादी धान्याची गाडी ताब्यात घेतली असावी, अशी माझी मीच समजूत घातली होती. पुढच्याच परिच्छेदात त्या गाडीला जाळीचे दार आणि बाहेरून कुलूप निघाले, तेव्हा डोळे उघडले. (शिकागोच्या भर वस्तीत भाताची गाडी कोठून येणार, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता, हे मान्य.)

दुसरी कथा इंग्लंडमधली आहे. तिच्यातील घरमालकीण आपल्या चार वर्षांच्या नातवाविषयी भाडेकरूला सांगते की, पोरगे सकाळपासून ‘पॅडी’त आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या कथेतला म्हातारा खलाशी सांगतो की, त्यांच्या जहाजाला एकदा सलग तीन दिवस ‘पॅडीचे वादळ’ लागले होते आणि ते तिन्ही दिवस लोक डेकवर पत्ते खेळत बसले होते. वादळात पत्ते कसे खेळता येतात, हे मला कळलेले नाही.

या तिन्ही शब्दांचे मूळ एकच आहे काय? त्यांत आयरिश लोकांची निंदा आहे काय, आणि असल्यास ती मराठीत उतरवणे अनुवादकाचे काम आहे काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनीपाने

आपल्या तिन्ही ‘पॅडीं’चे मूळ एकच आहे, आणि ते शेतात नाही, माणसाच्या नावात आहे. भात या अर्थाचा ‘पॅडी’ हा मलय भाषेतील ‘पाडी’वरून इंग्रजीत आलेला सर्वस्वी निराळा शब्द आहे. आपल्याला अडवणारा ‘पॅडी’ हे पॅट्रिक या नावाचे घरगुती रूप आहे, जसे दत्तात्रयाचे दत्तू व्हावे तसे.

या नावाचा प्रवास थोडा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आयर्लंडचा संरक्षक संत मानला जाणारा पॅट्रिक हा पाचव्या शतकातला, आणि तो जन्माने आयरिश नव्हता. तो रोमन ब्रिटनमध्ये जन्मला, सुमारे सोळाव्या वर्षी आयरिश चाचांनी त्याला पकडून नेले, सहा वर्षे त्याने गुलाम म्हणून गुरे-मेंढरे राखली आणि सुटका करून घेतल्यानंतर पुढे धर्मप्रसारक होऊन तो त्याच देशात परत गेला; हे त्याने स्वतःच्या लॅटिन आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. त्याचे लॅटिन नाव पॅट्रिशियस, म्हणजे उमराव कुळातला. ज्याला आयरिश लोकांनी गुलाम केले त्या परक्या माणसाच्या ‘उमराव’ नावावरून पुढे सगळ्या आयरिश लोकांना, आणि तेही हिणवण्यासाठी, हाक मारली जावी, यातली गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे.

लॅटिन नावातला ‘ट’ आयरिश तोंडात ‘द’ झाला आणि ‘पॉद्रिग’ हे रूप रूढ झाले. ‘पॅडी’मध्ये ‘ड’ कोठून आला, याचे उत्तर हेच. मध्ययुगात मात्र आयरिश लोक हे नाव आपल्या मुलांना सहसा ठेवीत नसत, कारण संताचे नाव थेट वापरणे त्यांना आगाऊपणाचे वाटे. त्याऐवजी ‘पॅट्रिकचा सेवक’ अशा अर्थाचे नाव ठेवीत. आपल्याकडच्या रामदासासारखीच ही रीत. फिट्झपॅट्रिक या आडनावाचे आयरिश मूळ ‘मॅक गिल्ला फॉद्रिग’ म्हणजे ‘पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा’ असेच आहे. सतराव्या शतकापासून हा संकोच गेला आणि मग हे नाव इतके बोकाळले की, इंग्रजांना आयरिश माणूस म्हटला की पॅडीच असणार असे वाटू लागले. अशी नावे त्यांनी शेजाऱ्यांनाही दिली आहेत: वेल्समधला डेव्हिड, म्हणजे त्यांच्या भाषेतला ‘दाविद’, त्यावरून सगळे वेल्श लोक ‘टॅफी’ आणि सगळे स्कॉटिश लोक ‘जॉक’.

यातला विखार वाढला तो दुष्काळानंतर. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून लिव्हरपूल, ग्लासगो, न्यूयॉर्क, बॉस्टन अशा बंदरांत उतरली. कालवे, लोहमार्ग, गोदी येथे पडेल ते काम करणारा, झोपडपट्टीत राहणारा, मद्यपी आणि भांडखोर असा एक साचेबंद ‘पॅडी’ इंग्रजी व्यंगचित्रांतून तयार झाला. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने त्याला माकडाचा चेहरा दिला. अमेरिकेत टॉमस नास्ट या गाजलेल्या व्यंगचित्रकाराने १८७१ साली ‘हार्पर्स वीकली’मध्ये काढलेला आयरिश माणूसही तसाच आहे, दारूगोळ्याच्या पिंपावर हातात बाटली घेऊन बसलेला.

आता आपली गाडी. ‘पॅडी वॅगन’ म्हणजे कैदी नेण्याची पोलिसांची बंद गाडी. तिच्या नावाविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत. एक असे की, तिच्यात कोंबली जाणारी माणसे बहुतांशी आयरिश असत; दुसरे असे की, ती हाकणारे पोलीसच आयरिश असत. न्यूयॉर्क, बॉस्टन आणि शिकागोच्या पोलीस दलांत आयरिश वंशाच्या लोकांचा भरणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फार मोठा होता, त्यामुळे दुसरे मतही तितकेच तग धरते. मला व्यक्तिशः दोन्ही एकदम खरी वाटतात: दाराच्या आतला पॅडी आणि दाराबाहेरचा पॅडी एकाच बोटीने आलेले असू शकतात. काही जण १८६३ च्या जुलैमधील न्यूयॉर्कच्या दंगलींशी या शब्दाचा संबंध जोडतात. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या त्या दंगलींत आयरिश मजूर आघाडीवर होते, म्हणून ती गोष्ट सांगायला चांगली आहे.

गाडीला माणसाचे नाव चिकटणे हे काही एकदाच घडलेले नाही. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत मजुरांची ने-आण करणाऱ्या लहानशा आगगाडीलाही ‘पॅडी’ म्हणत असत.

डोलकाठी

मी निवृत्त खलाशी आहे, त्यामुळे तिसऱ्या कथेपुरते बोलतो. आपल्या म्हाताऱ्याच्या ‘पॅडीच्या वादळा’त वारा मुळीच नसतो. ब्रिटिश आरमारातले अ‍ॅडमिरल विल्यम हेन्री स्मिथ यांचा खलाशांच्या शब्दांचा कोश त्यांच्या मृत्यूनंतर १८६७ साली प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाचा अर्थ, काठीवरची पताका तरंगेल इतकाही वारा नसणे, असा दिला आहे. जहाजावरची पताका म्हणजे एक लांब निमुळती पट्टी असते आणि ती नुसत्या झुळकेनेही हलते. ती काठीला चिकटून सरळ खाली लोंबत असेल, तर शिडाच्या जहाजाने पुढे सरकण्याची आशा सोडावी आणि पत्ते काढावेत. आपल्या कथेतल्या लोकांनी तेच केले.

मी स्वतः यंत्रांच्या जहाजांवर होतो, तरीही विषुववृत्ताजवळची ती निर्वात शांतता मी पाहिलेली आहे. पाणी तेल ओतल्यासारखे सपाट होते, धुराड्याचा धूर सरळ वर चढतो आणि जहाज चालू असल्यामुळे जो काही वारा अंगाला लागतो तेवढाच. इंजीन दुरुस्तीसाठी थांबवले की तोही जातो. शिडाच्या जहाजावर असे आठ-आठ दिवस काढावे लागत, तेव्हा शिडे नुसती लाटांच्या हेलकाव्याने काठीवर आपटत राहत, आणि त्या फटफट आवाजाने माणसे वैतागून जात. अशा स्थितीला ‘वादळ’ म्हणणे हा खलाशांचा तिरकस विनोद आहे. ‘आयरिश वादळ’ असेही ते म्हणत. दोराची जी टोके नीट न बांधता वाऱ्यावर लोंबत सोडलेली असतात, त्यांना तर आजही ‘आयरिश पताका’ म्हणतात. म्हणजे वारा नसेल तर ते पॅडीचे वादळ आणि गबाळेपणा दिसला तर ती आयरिश पताका. ज्याची थट्टा करायची त्याचे सगळेच उफराटे असते, असे गृहीत धरलेले आहे.

परंतु समुद्रावरचा प्रत्येक पॅडी थट्टेचा नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापाशी, क्लाइड नदीच्या मुखाबाहेरच्या समुद्रात, एल्सा क्रेग नावाचे एक बेट आहे. बेट कसले, समुद्रातून एकदम सुमारे ३४० मीटर उभा वर आलेला ग्रॅनाइटचा घुमट आहे. बर्फावर घसरवायच्या कर्लिंग या खेळाचे गोटे त्याच्या दगडाचेही करतात. बेलफास्ट आणि ग्लासगो यांच्या बरोबर दरम्यान ते लागते. कामासाठी ये-जा करणाऱ्या आयरिश मजुरांना बोटीवरून ते दिसले की निम्मी वाट सरली असे समजे, म्हणून त्याला ‘पॅडीचा मैलाचा दगड’ असे नाव पडले. मला सगळ्या पॅडी शब्दांत हा सर्वांत आवडतो. बटाट्याची पोती काढायला निघालेला माणूस डेकवर थंडीत उभा राहून काय मोजत असेल, ते त्यात आहे.

उत्तरवारा

मी ग्लासगोमध्ये सहा वर्षे एका ग्रंथालयात काम केले. तेथे मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो माझ्याच टेबलाविषयी. नोंदणीसाठी आलेली पुस्तके, परत आलेली पुस्तके, फाटलेली पुस्तके आणि माझा जेवणाचा डबा असे सगळे एकावर एक रचलेले पाहून आमच्या विभागप्रमुख बाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “हे काय, अगदी पॅडीज मार्केट करून ठेवले आहे की!” मी शब्दशः अर्थ घेतला आणि पुस्तके विकायला काढलेली नाहीत, असे त्यांना गंभीरपणे सांगितले. त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या वेळी मला माझ्या बाजारात आज काय भाव आहे, असे विचारले जाई.

‘पॅडीज मार्केट’ हा ग्लासगोतला खराखुरा बाजार होता. दुष्काळानंतर आलेल्या आयरिश लोकांनी जुने कपडे विकण्यास सुरुवात केली, त्यांतून तो उभा राहिला आणि शेवटी क्लाइड नदीजवळच्या एका गल्लीत, रेल्वेच्या कमानींखाली, भरत असे. जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर कोट, बूट, दात नसलेल्या कंगव्यांपासून बिघडलेल्या घड्याळांपर्यंत वाट्टेल ते मांडलेले असे. २००९ मध्ये महापालिकेने तो बंद केला, पण पसाऱ्याला ‘पॅडीज मार्केट’ म्हणण्याची सवय स्कॉटलंडमधल्या आयांनी सोडलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातही याच नावाचा जुना बाजार आहे; तो चालू आहे आणि तेथे लोक या नावाचा अभिमानाने उल्लेख करतात.

टाकबोरू यांनी निंदेविषयी विचारले आहे. माझ्या अनुभवात हा शब्द कोण, कोणाला आणि कोणत्या स्वरात म्हणतो यावर सगळे ठरते. आमच्या ग्रंथालयात डोनेगल परगण्यातले एक गृहस्थ होते. १७ मार्चला, म्हणजे संत पॅट्रिकच्या दिवशी, मी त्यांना हौसेने एक शुभेच्छापत्र दिले आणि त्यावर अमेरिकी संकेतस्थळावरून उचललेले ‘सेंट पॅटीज डे’ असे शब्द लिहिले. त्यांनी खिशातून लाल पेन काढले, दोन्ही ‘ट’ खोडले, वर दोन ‘ड’ लिहिले आणि पत्र परत माझ्या हातात ठेवून म्हणाले की, पॅटी हे पॅट्रिशिया नावाच्या बाईचे टोपणनाव आहे, किंवा मग पावात घालायच्या मांसाच्या टिक्कीचे. म्हणजे ‘पॅडी’ हे रूप त्यांना नुसते चालत नव्हते, तेच हवे होते. त्याच गृहस्थांनी मला नंतर सांगितले की, सत्तरच्या दशकात, इंग्लंडमध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचे बाँबस्फोट होत असताना, ते लंडनला बांधकामावर मजुरी करीत. मुकादम सर्व आयरिश मजुरांना सरसकट ‘पॅडी’ म्हणे, कोणाचेच नाव विचारीत नसे. त्यांचे स्वतःचे नाव मायकल होते.

आयरिश लोकांनी हा शब्द आपापसांत शस्त्रासारखाही वापरला आहे. ‘प्लॅस्टिक पॅडी’ म्हणजे जन्म आणि वाढ इंग्लंडात, पण १७ मार्चला हिरवी टोपी घालून आयरिशपणा मिरवणारा. ऐंशीच्या दशकात लंडनला नव्याने आलेल्या आयरिश तरुणांनी तेथे जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना हे नाव दिले, आणि ते त्या मुलांना मुकादमाच्या हाकेइतकेच लागले. दुसरीकडे १९८८ साली निघालेल्या एका आयरिश सट्टेबाजी कंपनीने आपले नावच ‘पॅडी पॉवर’ ठेवले. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते पॅडी अ‍ॅशडाउन यांचे खरे नाव जेरेमी होते. जन्म नवी दिल्लीतला, बालपण उत्तर आयर्लंडमधले, आणि इंग्लंडमधल्या शाळेत मुलांनी त्यांच्या उच्चारांवरून त्यांना ‘पॅडी’ केले. त्यांनी ते नाव जन्मभर वापरले.

किरकिर

वरील माहितीत दोन गोष्टींची भर आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. जुनीपाने यांनी १८६३ च्या दंगलींची कथा ‘सांगायला चांगली’ म्हणून सोडून दिली आहे. ती स्पष्टपणे नाकारायला हवी. ‘पॅडी वॅगन’ हा शब्द पोलिसांच्या गाडीसाठी छापात दिसू लागतो तो विसाव्या शतकाच्या आरंभी. दंगलीत जन्मलेला इतका चटकदार शब्द अमेरिकी वृत्तपत्रांनी चाळीस वर्षे लपवून ठेवला असेल, हे संभवत नाही. त्या काळात या गाडीला ‘ब्लॅक मरायाह’ म्हणत, आणि इंग्लंडमध्ये तर पुढेही तेच नाव चालले. आपल्या कथांपैकी एखाद्या इंग्लिश कथेत ‘ब्लॅक मरायाह’ आली तर ती बाई समजू नये. (भाताच्या गाडीनंतर ही सूचना अनाठायी नसावी.) काही लोक ‘पॅट्रोल वॅगन’ म्हणजे गस्तीच्या गाडीचा अपभ्रंश होऊन ‘पॅडी वॅगन’ झाले असे सांगतात. यामुळे अपमानाचा प्रश्न निकालात निघतो, म्हणूनच ते लोकांना आवडते. परंतु ‘पॅडी’ हा शब्द पोलिसांसाठी आणि आयरिश माणसासाठी आधीच चलनात असताना एवढा वळसा घेण्याचे कारण नाही.

आता नातवाचा ‘पॅडी’. याच्यावर अजून कोणी बोललेले नाही. इंग्लंडच्या बोलीत ‘पॅडी’ म्हणजे संतापाचा झटका, विशेषतः लहान मुलाचा: पाय आपटणे, जमिनीवर लोळण घेणे, श्वास रोखून निळे पडणे. आयरिश माणूस तापट, ही समजूत त्याच्या मुळाशी आहेच, परंतु मधली पायरी ‘पॅडीव्हॅक’ या शब्दाची आहे. त्याचा पहिला अर्थ धिप्पाड आयरिश माणूस; नंतर संताप आणि ठोसा हे अर्थ त्याला चिकटले, कारण ‘व्हॅक’ म्हणजे सणसणीत रट्टा. त्याचे शेपूट तुटून संतापाचा ‘पॅडी’ उरला. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या प्रत्येक मुलाने ‘निक-नॅक पॅडीव्हॅक’ हे पालुपद घोकलेले असते. ते गाणे १९०६ साली शाळांसाठी छापलेल्या इंग्रजी लोकगीतांच्या संग्रहात आहे. त्यात लगेच कुत्र्याला हाड द्यायला सांगितलेले असल्यामुळे अनेकांना वाटते की, ‘पॅडीव्हॅक’ म्हणजे खाटकाकडचा काही तुकडा असावा. गमतीची गोष्ट अशी की, तसा तुकडा खरोखरच आहे: गुराच्या आणि मेंढीच्या मानेतला जाड पिवळसर स्नायुबंध, जो चावता चावत नाही आणि म्हणून कुत्र्याला टाकतात. मात्र त्याचे जुने इंग्रजी नाव ‘पॅक्सवॅक्स’ असून त्याचा आयरिश माणसाशी काही संबंध नाही. कानाला सारखे लागल्याने पुढे त्यालाही ‘पॅडीव्हॅक’ म्हणू लागले.

यावरून दुसरी भर: कानाला सारखे लागले म्हणून नाते जोडू नये. लंडनमधल्या पॅडिंग्टन या भागाचे नाव जुन्या अँग्लो-सॅक्सन माणसाच्या नावावरून आले आहे असे मानतात. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या जातीचा ‘पॅडीमेलन’ नावाचा एक छोटा प्राणी आहे. हे नाव सिडनी परिसरातील मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेतून आले आहे, त्यात ना पॅडी आहे ना खरबूज. उलट, जेथे आयरिश नाव अगदी झाकलेले असते तेथे ते असते: बटाट्याला इंग्रजी बोलीत ‘मर्फी’ म्हणतात ते त्या आयरिश आडनावावरून, आणि ‘हूलिगन’ हा दंगेखोर १८९८ च्या लंडनमधल्या वृत्तपत्रांतून जगभर गेला, त्याच्यामागेही आयरिश आडनावच आहे. अमेरिकेत घरकामाला येणाऱ्या आयरिश मुलींना सरसकट ‘बिडी’ म्हणत, ब्रिजिट या नावावरून. आज किरकिऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘ओल्ड बिडी’ म्हणतात, पण तिच्यात कोंबडीचाही वाटा आहे, कारण कोंबडीला ‘बिडी’ म्हणण्याची पद्धत त्या मुली बोटीत बसण्याच्या कितीतरी आधीची आहे.

एक आणखी, आपल्या शिकागोच्या कथेला उपयोगी पडेल म्हणून. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘पॅडी’ म्हणजे कोणताही गोरा माणूस, मग तो आयरिश असो वा नसो. ज्या आयरिश माणसाला शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या पंगतीत पाट मिळत नव्हता, त्याचेच नाव त्या पंगतीला पडले. आपल्या कथेत हा शब्द कृष्णवर्णीय पात्राच्या तोंडी असेल, तर आयरिश शोधत बसू नये.

टाकबोरू

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. डोलकाठी यांच्यामुळे पत्त्यांचा डाव उलगडला आणि किरकिर यांच्यामुळे नातू सुटला.

माझे नवे खर्डे असे आहेत. शिकागोत: ‘पोलिसांनी चौघांना पिंजरा गाडीत कोंबले.’ इंग्लंडमध्ये: ‘पोराने सकाळपासून थयथयाट मांडला आहे, तुम्ही लक्ष देऊ नका.’ जहाजावर: ‘आम्हाला तीन दिवस पॅडीचे वादळ लागले, पताकेचे टोकसुद्धा हलेना.’ पताकेचा उल्लेख मूळ कथेत नाही. तो मी डोलकाठी यांच्याकडून उसना घेतला आहे, म्हणजे तळटीप न देता वाचकाला विनोद कळेल.

पिंजरा गाडीविषयी मात्र मन साशंक आहे. कथेत गाडी हाकणाऱ्या पोलिसाचे आडनाव आयरिश आहे आणि पकडलेल्या चौघांपैकी एकाचेही आयरिश आहे. लेखकाने तो शब्द मुद्दाम योजला असावा. ‘पिंजरा गाडी’मध्ये ती कोपरखळी हरवते. मुंबईत एके काळी कोकणातून आलेल्या प्रत्येक घरगड्याला, त्याचे नाव काहीही असले तरी, ‘रामा’ म्हणत असत; देवाचे नाव, आणि तेच हलके करून टाकलेले. पॅडीला त्याहून जवळचा मराठी शब्द मला सुचत नाही. ‘रामाची गाडी’ असे काही करावे काय?

जुनीपाने

करू नये. आपली तुलना अचूक आहे आणि म्हणूनच ती घातक आहे. ‘रामा’ म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हाफ पँट घातलेला, हातात पिशवी घेतलेला गडी येईल आणि शिकागो पुसले जाईल. शिवाय रामा कोणाला अटक करीत नव्हता. पॅडीची मौज अशी की, त्या गाडीच्या दोन्ही टोकांना तोच होता.

आपण गाडीला ‘पिंजरा गाडी’च राहू द्यावे आणि कोपरखळी आडनावांवर सोपवावी. पकडलेल्या माणसाने गाडीत चढताना पोलिसाचे आडनाव मोठ्याने उच्चारून त्याच्याकडे पाहिले, इतके मूळ कथेत असेल तर पुरेसे आहे.

टाकबोरू

आहे. तो चढताना म्हणतो, “काय, आई बरी आहे ना?” आणि पोलीस उत्तर न देता कुलूप लावतो. मी हे वाक्य पहिल्या खर्ड्यात निरर्थक समजून गाळले होते. परत घेतो.

किरकिर

ते परत घ्यावेच. आणि जहाजाच्या वाक्यात ‘हलेना’ऐवजी ‘फडकेना’ केले तर बरे. पताका हलते ती जहाजाच्या हेलकाव्यानेही. फडकण्यासाठी मात्र वाराच लागतो.

डोलकाठी

किरकिर यांच्याशी सहमत. आणि ‘लागले’ हे क्रियापद कृपया बदलू नये. आम्हा खलाशांना वादळ ‘लागते’च, मग ते पॅडीचे असले तरी.